रविवारची सुई

माझ्या भावोजींना अख्खं मेडिकल कॉलेज उंदीरमामा म्हणतं. त्यांनी त्याचा कधी राग मानला नाही. उलट नव्या विद्यार्थ्यांना ते स्वतःच सांगायचे, "नुसतं मामा म्हणा. उंदीर वासावरून कळतोच." कॉलेजच्या प्राणिघरात त्यांनी एकतीस वर्षं काढली. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एक चूक झाली आणि तिने माझ्या ताईच्या दोन्ही किडन्या घेतल्या. चूक म्हणतानाही माझी जीभ अडखळते, कारण ती त्यांच्या सगळ्यात चांगल्या गुणातून झाली. वाईट गुणातून झाली असती तर त्यांना मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

मी त्याच कॉलेजात, तळमजल्यावरच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. एका बाजूने नळीत रक्त येतं, दुसऱ्या बाजूने कागदावर आकडा जातो, मधे मी बसतो. तेव्हा या प्रकरणात मी नुसता बघ्या नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो.

प्राणिघर म्हणजे मागच्या इमारतीतल्या दोन खोल्या. भिंतीला लावलेले लोखंडी रॅक, त्यांवर प्लास्टिकचे पिंजरे, प्रत्येकावर जाळीचं झाकण आणि त्यातून उलटी खोचलेली पाण्याची बाटली. खाली लाकडाचा भुसा. पंखा दिवसभर घरघरतो, तरी वास जात नाही. भावोजी सकाळी आठला आत शिरले की आधी सगळ्या पिंजऱ्यांसमोरून एक फेरी मारायचे, हात मागे बांधून, एखाद्या हेडमास्तरासारखी. कोण खात नाही, कोणाचे केस विस्कटलेत, कोण कोपऱ्यात तोंड घालून बसलाय, हे त्यांना एका फेरीत कळायचं. डॉक्टर मंडळींना त्यासाठी मशीन लागायचं.

हे काम त्यांना एका म्हाताऱ्या उस्तादाने शिकवलं. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, पण त्याचे नियम भावोजी देवाच्या शब्दासारखे पाळायचे. त्यातला मुख्य नियम असा: एकट्या माणसाने एका जिवाला दिवसातून एकदाच हात लावायचा. दोघं असले तर गोष्ट वेगळी, एकाने धरायचं, दुसऱ्याने टोचायचं. पण एकटा असताना दुसऱ्यांदा पिंजऱ्यात हात घातला की उंदराला आता काय होणार ते कळलेलं असतं. तो उसळतो, पिळवटतो. मग एक तर तो तुम्हाला चावतो, नाही तर तुमच्या मुठीत त्याचं काहीतरी मोडतं. भावोजींच्या डाव्या अंगठ्यावर दातांच्या सात-आठ खुणा होत्या, सगळ्या उस्तादाचं ऐकायला लागायच्या आधीच्या.

आता ताईबद्दल. ताई इस्त्री करायची. घराच्या पुढच्या खोलीत लांबलचक टेबल, त्यावर घड्या घातलेली घोंगडी, आणि उभं राहून सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. शाळेचे गणवेश, शेजारपाजारचे शर्ट, आणि आमच्याच कॉलेजातल्या डॉक्टरांचे पांढरे एप्रन. पंचवीस वर्षांत तिचा उजवा खांदा आणि कंबर दोन्ही कामातून गेली. दुखण्याची गोळी आधी कधीमधी होती, मग आठवड्याला, मग रोजची झाली. "गोळी घेतल्याशिवाय इस्त्री उचलत नाही बाबा," ती मला हसत सांगायची. मी तिचं रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन एक पूर्णांक चार निघालं. किडनी नीट गाळत नसली की हा आकडा चढतो, आणि तिचा नुकता चढायला लागला होता.

डॉक्टरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "ही गोळी बंद. काम कमी करा. दर तीन महिन्यांनी रक्त तपासा. किडनी गेली की परत येत नाही."

ताई पहिल्यापासून घाबरट. पाल दिसली तरी खुर्चीवर चढणारी. घरी आली आणि गोळ्यांचं पाकीट कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. फारच दुखलं तर आठवड्यातून एखादी घ्यायची, नाही तर शेक. डॉक्टरांचे एप्रन तिने पुढच्या गल्लीतल्या बाईला देऊन टाकले आणि गणवेशांचंही बोलणं चालू केलं होतं. तीन महिन्यांनी मी तपासलं तेव्हा आकडा तिथेच होता, वर सरकला नव्हता. तिचा घाबरटपणा तिला वाचवत होता. तो आम्ही दोघांनी मिळून घालवला, भावोजींनी आणि मी.

त्याच सुमारास औषधशास्त्राच्या मॅडमचा प्रयोग सुरू झाला. दुखण्यावरच्या औषधाने किडनी बिघडते हे सगळ्यांना माहीत आहे. मॅडमना बघायचं होतं की सोबत सी आणि ई जीवनसत्त्व दिलं तर ती वाचते का. चोवीस उंदीर, आठ-आठचे तीन गट. पहिल्याला नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई. दुसऱ्याला दुखण्याच्या औषधाची सुई. तिसऱ्याला सकाळी तोंडातून बारीक नळी घालून जीवनसत्त्वं आणि तासाभराने तीच औषधाची सुई. अठ्ठावीस दिवस रोज. मॅडम स्वतः यायच्या. सुई त्यांच्या हातात, उंदीर मामांच्या हातात. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मॅडम यायच्या नाहीत. तेव्हा सगळं एकट्या मामांवर.

मॅडम तशा भल्या, पण रजिस्टरच्या बाबतीत कडक. एकदा चौकट कोरी राहिली म्हणून त्यांनी मामांना सगळ्यांसमोर झापलं होतं. "एक टिक राहिली की अख्खा प्रयोग पाण्यात, कळतंय का मामा?" मामांना कळलं. त्यानंतर त्यांच्या रजिस्टरात एकही चौकट कोरी राहिली नाही.

एकोणतिसाव्या दिवशी रक्त माझ्याकडे आलं. पहिला गट ठणठणीत. दुसऱ्या गटाचा आकडा चौपट चढलेला. आणि तिसरा गट, ज्याला तेच औषध मिळालं होतं, तो पहिल्याच्या जवळपास! मी दोनदा मशीन लावलं. आकडे तेच. मग कागद घेऊन मी स्वतः जिना चढून मॅडमकडे गेलो, पेढे वाटायला निघाल्यासारखा. मॅडम खुर्चीतून उठल्या. मामांना बोलावून त्यांनी त्यांचा हात हातात घेतला. ज्या हाताला इतक्या वर्षांत कुणी डॉक्टरने शिवलं नव्हतं, तो हात.

त्या आनंदातच मामांनी विचारलं, "मॅडम, या गोळ्या घरी बायकोला दिल्या तर चालतील का?"

"द्या की मामा. व्हिटॅमिनंच आहेत, अपाय काय होणार?"

बायको सोबत आणखी काय घेते हे मॅडमनी विचारलं नाही. मामांनी सांगितलं नाही. मी तिथेच उभा होतो. मीही बोललो नाही, कारण ते आकडे माझ्या मशीनमधून निघाले होते आणि माझं डोकं अजून त्यांच्यातच होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं ताईकडे पोचलो. ती टेबलाजवळ खुर्ची ओढून बसल्या बसल्या इस्त्री करत होती, एक हात कंबरेवर.

"अगं, पाकीट काढ खाली," भावोजी म्हणाले. "आता घाबरायचं कारण नाही."

"डॉक्टर नको म्हणालेत ना?"

"डॉक्टर पुस्तकातलं सांगतात. मी डोळ्यांनी बघितलंय. तू इस्त्रीच्या बुडाला मेण फिरवतेस की नाही, गंज धरू नये म्हणून? तसंच हे. औषधाने किडनीला गंज चढतो, आणि या गोळ्या तो चढू देत नाहीत. आठच्या आठ उंदीर वाचले."

ताईने माझ्याकडे पाहिलं. घरात शिकलेला मी. "खरंय का रे?"

"आकडे मीच काढलेत ताई," मी म्हणालो. "आकडे कशाला खोटं बोलतील?"

हे वाक्य मला आता झोपेतही ऐकू येतं.

दुसऱ्या दिवसापासून भावोजींनी घरात प्राणिघर सुरू केलं. टेबलाच्या वर भिंतीवर कॅलेंडर होतं, त्यावर दोरीने पेन बांधलं. सकाळी सातला एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर तीन गोळ्या: एक सी, एक ई, एक दुखण्याची. ताईने गिळल्या की ते तारखेवर दोन टिका करायचे, एक जीवनसत्त्वांची, एक औषधाची. "जोडी चुकवायची नाही," म्हणायचे. ताई चेष्टा करायची, "मला पण शेपटीला धरून उचला आता." पण तिला बरं वाटत होतं. कंबर सरळ झाली. एप्रन परत आले, गणवेश राहिले, आणखी एका शाळेचे मिळाले. सहा महिन्यांनी सकाळची एक गोळी पुरेना, तेव्हा संध्याकाळीही जोडी सुरू झाली. तपासणीचं मीच एकदा म्हटलं, तर ती म्हणाली, "कशाला टोचतोस? कवच आहे ना आपल्याला." मी हसलो आणि सोडून दिलं. लॅबमध्ये दिवसाला शंभर नळ्या तपासणारा मी, सख्ख्या बहिणीची एक नळी मला जड झाली.

मॅडमचा पेपर छापून आला. शेवटी बारीक अक्षरात 'प्राण्यांची मनोभावे काळजी घेतल्याबद्दल' मामांचे आभार होते. भावोजींनी ते पान फ्रेम करून कॅलेंडरशेजारी लावलं. कपडे द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवायचे. त्यातलं इंग्रजी वाचता कुणालाच यायचं नाही, पण माना सगळे डोलवायचे.

असे चौदा महिने गेले. मग ताईचं पोट बिघडलं. दोन दिवस उलट्या आणि जुलाब, अंगातलं पाणी सगळं गेलं. त्या दोन्ही दिवशी भावोजींनी उशाशी बसून तिला जोडी दिली. उलटून पडली तर पुन्हा दिली. तिसऱ्या दिवशी तिची लघवी जवळजवळ बंद झाली आणि पाय असे सुजले की चप्पल चढेना.

मी रक्त काढून लॅबमध्ये नेलं. आता जे सांगतोय ते कथेत लिहिलं तर लोक म्हणतील जुळवून आणलंय. त्या सकाळी मशीनमध्ये मॅडमच्या दुसऱ्या प्रयोगाच्या नळ्या होत्या. तोच प्रयोग, जास्त उंदीर, मोठ्या मासिकासाठी. या खेपेला मॅडम इतक्या हट्टाला पेटल्या होत्या की रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही स्वतः येत होत्या. मी ताईची नळी शेवटच्या खाचेत ठेवली. आधी उंदरांचे आकडे आले. दुसरा गट चौपट. तिसरा गटही चौपट. जीवनसत्त्वं घेतलेले आणि न घेतलेले, सगळे सारखेच बुडाले होते. मग ताईचा आकडा आला. सहा पूर्णांक आठ.

तिला भरती करून मी थेट प्राणिघरात गेलो. भावोजी मोरीवर वाकून ब्रशने बाटल्या घासत होते. ताईचं त्यांना कळलं होतं आणि दवाखान्यात जायच्या आधी ते उंदरांचं पाणी उरकत होते. त्या क्षणी मला त्यांची ती बाटली त्यांच्याच डोक्यात घालावीशी वाटली.

"मागच्या खेपेला तिसऱ्या गटाला काय वेगळं केलंत?" मी विचारलं.

"काही नाही."

"भावोजी, तिकडे ताईच्या मानेत डायलिसिसची नळी घालतायत. आता तरी खरं बोला."

त्यांनी नळ बंद केला.

"सुट्टीच्या दिवशी सुई नाही दिली."

"कुणाला?"

"तिसऱ्यांना. सकाळी नळी द्यायचो. मग परत कसा हात लावणार? एकटा होतो ना मी."

"आणि दुसऱ्या गटाला?"

"त्यांना नळी नव्हतीच. सुईच एकदा. त्यांना दिली."

एवढंच होतं. चार रविवार, सुट्टीचे दोन शनिवार आणि सणाच्या दोन सुट्ट्या. अठ्ठावीसातले आठ दिवस तिसऱ्या गटाला विषाची रजा होती, आणि शेवटचा शनिवार-रविवार लागून आला होता, म्हणजे रक्त काढायच्या आधी दोन दिवस आराम. जीवनसत्त्वांनी काही केलं होतं की नाही देव जाणे. त्या उंदरांना वाचवलं होतं ते उस्तादाच्या नियमाने.

"रजिस्टरात तर टिका आहेत."

"केल्या दोन्ही. कोरं ठेवलं की मॅडम ओरडतात. म्हटलं, आठ दिवसांनी काय एवढं बिघडतंय?"

"आणि हे ठाऊक असून तुम्ही ताईला गोळ्या दिल्यात?"

ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर कपट असतं तर बरं झालं असतं. तिथे नुसता गोंधळ होता. "अरे, ते टवटवीत होते रे. मी रोज बघत होतो. केस कसे चकचकीत होते. मला वाटलं गोळ्यांनीच."

खोटी टिक स्वतःच करायची आणि मग त्याच टिकेवर विश्वास ठेवून बायकोला औषध पाजायचं. आपलेच दात, आपलेच ओठ. मी त्यांना ओढतच मॅडमकडे नेलं. त्यांनी सगळं सांगितलं, मान खाली घालून, उस्तादाच्या नियमासकट. मॅडमनी दार लावून घेतलं.

"मामा, रजिस्टरवर टिक आहे का?"

"आहे, पण..."

"मग सुई दिली आहे. पेपर छापून झालाय. आता या आठवणी काढू नका." मग माझ्याकडे वळून थोड्या मऊ आवाजात म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचं वाईट वाटतंय. पण मी शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलंय की हे उंदरांपुरतं आहे, माणसांवर अजून अभ्यास व्हायला हवा."

उंदराला मांजर साक्ष, ती ही. तो शेवटचा परिच्छेद ताईच्या घरी फ्रेममध्ये होता, आभारांच्या बरोबर वर. तो वाचता येणारा त्या घरात जाणारा एकटा मीच होतो, आणि मी तो वाचला नव्हता.

ताईच्या किडन्या परत आल्या नाहीत. आधी वाटलं येतील, डॉक्टरही थांबा म्हणाले. महिन्याभराने त्यांनी थांबा म्हणणं थांबवलं. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, बुधवारी आणि रविवारी, चार-चार तास. दंडात दोन जाड सुया, एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, दुसरीतून परत येतं. पाणी मोजून प्यायचं. इस्त्रीच्या टेबलावर आता तिची औषधं असतात.

तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, दुखण्याची गोळी किती आणि किती दिवस? भावोजी घरी जाऊन भिंतीवरची कॅलेंडरं काढून घेऊन आले, गेल्या वर्षीचं आणि यंदाचं. डॉक्टरांनी पानं उलटली. "इतकं नेटकं रजिस्टर मी आयुष्यात पाहिलं नाही," ते म्हणाले. ते कौतुक नव्हतं. पण भावोजींनी सवयीने मान लववली. कॅलेंडरं तेव्हापासून ताईच्या दवाखान्याच्या पिशवीतच राहिली.

ताईला खरं काय ते आम्ही सांगितलं नव्हतं. मी सांगणार नव्हतो. कशाला? तिचा नवऱ्यावर विश्वास होता, किडन्या गेल्या तर गेल्या, तेवढा तरी राहू दे, असं मला वाटायचं. भावोजींनाच ते पेलवेना. ते वाळत चालले होते. पिंजऱ्यांसमोरची फेरी त्यांनी बंद केली होती, आणि निवृत्तीला वर्ष असताना राजीनामा लिहून खिशात घेऊन फिरत होते.

एका रविवारी दुपारी मशीन चालू असताना ते तिच्या पलंगाशी स्टूल ओढून बसले आणि त्यांनी सांगून टाकलं. उस्ताद, नियम, नळी, सुई, टिका, सगळं. मी पायाशी उभा होतो. मला वाटलं ती ओरडेल. किंवा समजूत घालेल, ती तिची रीत होती. घरात काचेचा पेला फुटला तरी आधी फोडणाऱ्याचीच समजूत घालणारी बाई ती.

तिने मशीनच्या फिरत्या चाकावरून नजर त्यांच्याकडे वळवली.

"सुया का नाही दिल्यात त्यांना?" तिने विचारलं.

"घाबरायचे गं बिचारे. दुसऱ्यांदा हात घातला की थरथरायचे."

"हं." मोकळ्या हाताने तिने उशाची पिशवी जवळ ओढली आणि कॅलेंडर बाहेर काढलं. एका हाताने पान उलटायला त्रास होत होता, म्हणून मी पुढे झालो, तर तिने मला मानेनेच नको म्हटलं. एक महिना, दुसरा, तिसरा. प्रत्येक चौकटीत दोन टिका, पुढच्या पुढच्या महिन्यांत चार. लाल आकड्यांखालीसुद्धा.

"मीपण घाबरले होते," ती म्हणाली. "पाकीट वर ठेवलं होतं मी."

भावोजींनी तोंडावर हात घेतले. तिने कॅलेंडर त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि लाल आकड्यांच्या ओळीवर बोट टेकवलं.

"उंदरांना रविवारी सोडलंत. मला एका रविवारी सोडलं असतंत तर काय झालं असतं हो?"